तळपायातून जिभेपर्यंत

बस गं आधी, रहमा. आल्या आल्या नवऱ्याच्या खोलीकडे काय धावतेस? झोपलाय बुआज्जा. माझा भाऊ आहे, पळून नाही जात कुठे. तुझ्या आईचा चाळिसावा नीट पार पडला ना? — बरं झालं, सुटली बिचारी. मेकनेसहून एवढा लांबचा रस्ता, तोंड बघ कसं झालंय — मुळात तरी काय होतं म्हणा! घे, चहा घे. आणि ओढणी नाकाला कशाला? लोबान आहे तो. मीच लावलाय.

गोळ्या? झालं सुरू. रोज फोनवर तेच — गोळ्या दिल्या का, गोळ्या दिल्या का. आई मेलीय तिकडे आणि बाईला गोळ्यांची पडलीय. हो हो म्हणत होते मी, नाहीतर तू रडत बसायचीस. त्याला फोन दे म्हणालीस की झोपलाय म्हणायचे. नाही दिल्या! एक साखरेची, एक दाबाची, एक रक्तातल्या चरबीची — आणि तुझा तो डॉक्टर म्हणे, पोट सुटलं की हे सगळं हातात हात घालून येतं. पोट काय बुआज्जाचं एकट्याचं सुटलंय? आमच्या बापाचं पोट आधी दारातून आत यायचं, मग बाप. त्यानं कधी गोळी पाहिली नाही. — हो, लवकर गेला, ते वेगळं.

मी इंद्रावण आणवलं. रिसानीच्या पलीकडच्या वाळूतलं, ताजं, मुठीएवढं एकेक फळ. तुम्हा शहरातल्या बायकांना काय कळणार — गरम राखेत ऊन करायचं, मधोमध कापायचं आणि अनवाणी तुडवायचं, तळपायातून कडू चढत चढत जिभेवर येईपर्यंत. जीभ कडू झाली की साखर मेली. इथल्या घराघरात हेच करत आलेत. बुआज्जा काय मला नाही म्हणणार होता? बसवला त्याला ओट्यावर, परातीत पाय. विचारलं, आलं कडू? म्हणाला, नाही लल्ला — थोरली ना मी, लहानपणापासून लल्लाच म्हणतो मला. दुसऱ्या दिवशी आणखी ऊन केलं. नाही आलं. मग निखाऱ्यावरचं उचललं आणि तसंच ठेवलं पायाखाली — माझी बोटं भाजली गं, चिमट्यानं धरूनसुद्धा! — आणि तो? हूं नाही की चूं नाही. शांतपणे तुडवतोय आणि शेजाऱ्याशी खजुराच्या भावाचं बोलतोय. तोच शेजारी मागं असाच बसला होता, तर बोंब मारत अंगणभर नाचला. मी म्हटलं, बघा, आमच्या घरातला मर्द कसा असतो ते.

तोंड का गेलं तुझं उतरून? डॉक्टरनं सांगितलं होतं, साखरेमुळं पायाला चटका कळत नाही त्याच्या? मग मला सांगायचंस की! — सांगितलं होतंस. असेल. तू काय कमी बोलतेस?

फोड आले, मी मेंदी थापली. मेंदी अशी चढली की अंगठा काळाभोर. म्हटलं, वा! मग शेजारच्या बोटावर तर मेंदी नव्हती, तेही — ते जाऊ दे. मेंदी ओघळते कधी कधी.

त्यानं मागितल्या होत्या गोळ्या, खोटं कशाला बोलू. रात्री ताप चढला तेव्हा म्हणाला, लल्ला, रहमानं ठेवल्यात ना कपाटात, दे. मी म्हटलं, ती जाताना घेऊन गेली सगळ्या. तिला आता तुझं काही नको झालंय. — मग काय म्हणणार? त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मला इतकं बरं वाटलं — वाईट, वाईट वाटलं म्हणतेय मी! कान फुटलेत का तुझे?

रडू नकोस माझ्यासमोर. आमची आई गेल्यावर त्याला मी भरवलंय, माझ्या ताटातलं. माझं लग्न ठरत होतं ते मोडलं मी त्याच्यापायी. आणि हा एक दिवस मेकनेसला काय गेला, तुला घेऊन आला. तेव्हापासून या घरात मी कोण? चहा करणारी. चाळीस दिवस तो माझा होता, रहमा. परातीत पाय घालून माझ्यासमोर बसायचा, लहानपणी बसायचा तसा.

पाय कापावा लागेल? कापू देत की! दोन पायांवर चालत तो तुझ्याकडेच गेला होता. एका पायावर कुठे जाईल? इथेच, माझ्याजवळ राहील. आणि नाही राहिला, तर तुझाही नाही राहणार.

ऊठ आता. जा, बोलव तुझ्या डॉक्टरला. आणि विचारलं कुणी, तर गल्लीत सगळे सांगतील — नवरा तापानं फणफणत होता आणि बायको माहेरी. जा. त्याच्या खोलीचं दार घट्ट लोटून घे, माश्या आत जातात.