जावई होडीतून गेले त्याबाबत

दि. १८ ऑगस्ट २००६, पोलीस ठाणे, डार्मश्टाट

मी अहिल्या हसुराम चोगले, वय ६४, धंदा मासळी विकणे, शिक्षण दुसरी, मूळ राहणार हर्णै, ता. दापोली, सध्या राहणार मुलगी शमिका हिच्या घरी, डार्मश्टाट. जर्मन-मराठी दुभाषी म्हणून युनिव्हर्सिटीतली ईप्सिता हजर आहे. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

जावई नागेश, मुलगी, पाच वर्षांची नात कादंबरी व मी असे ४ तारखेला ग्रीसमध्ये समुद्रकाठच्या एका गावी गेलो. गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. दगडी घरं, पडका किल्ला, होड्या. त्यात बघायचं काय? माझा जन्म तसल्याच गावात गेला. जावयांच्या ऑफिसातले साहेब व त्यांची बायको सोबत होती.

५ तारखेला संध्याकाळी खानावळीत निवडायला मासे ताटात आणून दाखवले. मी एकाचा कल्ला उघडून पाहिला व शिळा आहे म्हटलं. मी मास्तरीण होते, असं जावयांनी साहेबांना सांगून ठेवलं होतं. जावई हसत हसत मला मराठीत म्हणाले, "आई, कोळीणपणा पुरे. माशाचं, समुद्राचं एक अक्षर तोंडातून काढायचं नाही." मुलगी खाली मान घालून बसली. तोच मासा सगळ्यांनी वाखाणून खाल्ला.

६ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास मी धक्क्यावर होते. गावातल्या सगळ्या होड्या परत आल्या होत्या व माणसं दुहेरी दोर बांधत होती. जाळं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला डोंगरावरचा ढग दाखवला व हात हलवला. त्याची भाषा मला येत नाही. काय म्हणतो ते कळलं.

आम्ही उतरलो होतो त्या खोलीवाल्याची लहान इंजिनाची होडी जावयांनी काढली. समुद्रातून गावाचा फोटो काढून साहेबांना द्यायचा होता. मला म्हणाले, "आई, येता का?"

मी म्हटलं, "मला पाण्याची भीती वाटते."

ते खूश झाले. मग त्यांनी कादंबरीला हाक मारली. मी तिचा हात धरून ठेवला, अंग कोमट लागतंय म्हटलं. तिला ताप नव्हता. ते एकटे गेले.

साडेअकराला वारा सुटला. होडी दुपारी पालथी मिळाली, जावई दुसऱ्या दिवशी.

पुन्हा विचारल्यावरून सांगते की, वारा येणार हे मला दहालाच ठाऊक होतं. गप्प बसायला सांगितलं होतं, बसले.

मुलगी बारा दिवस विचारते आहे, "आई, तुला दिसलं नव्हतं का?" तीही धक्क्यावरच वाढली. पण त्या वेळी ती खोलीत केस वाळवत होती. मी तिला उत्तर दिलेलं नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे.

वरचं सगळं ईप्सिताने मला मराठीत वाचून दाखवलं. मी बोलले तेच आहे, कमी नाही, जास्त नाही. आता दार उघडा आणि तिलाही वाचून दाखवा.

सही : अहिल्या ह. चोगले