उलटं चिकटवलेलं पान

आजच्या सभेच्या अध्यक्ष आदरणीय रमाबाई, मंचावरचे पाहुणे विवेकराव, विहारातल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना सविनय जय भीम.

आधी माफी मागतो. हे भाषण मृणालिनीला मंगळवारी दाखवायचं कबूल केलं होतं. लिहिलं आज दुपारी. सातवी शिकलेला माणूस मी, मला वेळ लागतो. बाहेर बर्फ पडतोय. गाड्या नीट लावल्यात ना सगळ्यांनी? असो.

जागृती माझी नात. उद्या ती नेपरव्हिल सोडून न्यूयॉर्कला चालली आहे, मॉडेल मुलींच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या संस्थेत कामाला. तुम्ही तिला मासिकांत, कोटांच्या आणि साबणांच्या जाहिरातींत पाहिलं असेल. मी मात्र नीट पाहिलं नाही.

जाहिरात छापून आली की ती मला पान पाठवायची. मी ते वहीत चिकटवायचो, पण उलटं, फोटो खाली. तुम्ही मंडळी घरी चहाला येता. उघड्या खांद्यांची नात दाखवायची कशी? आणि फेकवतही नव्हतं. मी काय करायला हवं होतं?

गेल्या महिन्यात मृणालिनी मला दवाखान्यात न्यायला आली. ही आपल्याकडची, पीएचडी करणारी मुलगी. तिने वही उघडली.

"काका, हे कुणी चिकटवलं? फोटो सगळे खाली गेले की!"

"तसंच पाहिजे होतं."

"कमाल करता, यार काका!" ती हसली. मग वर आलेली बाजू वाचू लागली. "काका, या पानावर जागृतीचं नाव आहे."

मासिकात त्या बाजूला बायकांच्या हक्कांच्या बातम्या होत्या. मला इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचावं लागतं, म्हणून मी कधी वाचल्या नाहीत. त्यात लिहिलं होतं: जागृती तायडे हिने कपडे बदलायला बंद खोली मागितली, म्हणून तिचं काम काढून घेतलं. तिने तक्रार केली. मग आणखी सहा मुली पुढे आल्या. बातमी मार्चची.

ते पान आल्यावर, त्याच मार्चमध्ये तिचा फोन आला होता. "आबा, मला थोडं बोलायचंय." मी म्हणालो, "आधी ते काम सोड, मग बोलू." ती म्हणाली, "इट्स फाइन, आबा." त्यानंतर तिने मला काही सांगितलं नाही, पानही पाठवलं नाही. सणाला येते, पाया पडते, जाते.

मी थकलोय, मंडळी. रात्रंदिवस काळजी केली ती तिच्या खांद्यांची. तिचं काय चाललंय ते विचारलं नाही.

ते पान मी कोमट पाण्याने सोडवलं. कोपरा फाटला. फोटोत ती निळा कोट घालून सरळ समोर बघते आहे. त्यात उघडं काहीच नाही. मी न बघताच चिकटवलं होतं. आता ते प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय. दोन्ही बाजू दिसतात.

जेवण गार होतंय, आटोपतो. मला बोलायला उभं केलंत, फार आभारी आहे. अडाणीपणाने काही वावगं बोललो असेन तर पोटात घाला.

आणि जागृती, तू मागच्या रांगेत बसली आहेस, मला दिसतेस. स्वेटर हातातल्या बॅगेत ठेव. पोचलीस की लगेच फोन कर, बेटा. मार्चमध्ये जे सांगणार होतीस, तिथपासून सांग. मी मध्ये बोलणार नाही.