‘चहाची सुट्टी’ ग्रुपवर टाकलेल्या चार ओळींबाबत

जबाब

नाव व पूर्ण पत्ता पहिल्या कागदावर लिहिल्याप्रमाणे. वय ५४ वर्षे. धंदा घरी शिवणकाम. राहणार पाण्याच्या टाकीसमोरील इमारत, दुसरा मजला.

मी स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आणि माझे पती असे दोघेच राहतो. मुलगी लग्न होऊन परगावी असते. माझे पती पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला पंप चालवून बघायचा आणि दोष दिसला तर परत पाठवायचा, हे त्यांचे काम. ते पंपांपेक्षा माणसेच जास्त परत पाठवतात, असे त्यांचे सोबती म्हणत. वाद घातल्याशिवाय काही मान्य करायचे नाही हा स्वभाव, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना ‘वकील’ म्हणत. अजूनही तेच नाव आहे.

कारखाना बंद पडला आणि सोबती चारी दिशांना पांगले. पुढे त्यांनी फोनवर ‘चहाची सुट्टी’ नावाचा ग्रुप काढला. त्यात सरकार, निवडणूक, कर, रस्ते, दवाखाने यांवरून सकाळपासून भांडण चालते. माझे पती सरकारच्या बाजूने लिहितात. विरुद्ध बाजूला ‘मास्तर’ आहेत, ते कारखान्यात नव्या पोरांना काम शिकवत. पतींच्या बाजूचा सगळ्यात मोठा आवाज ‘पिस्टन’ यांचा. ते पंपात पिस्टन बसवत आणि बोलतातही तसेच, एकदा सुरू झाले की बंद करायचे बटण सापडत नाही. या लोकांची प्रत्यक्ष भेट कित्येक वर्षांत नाही. जे काही आहे ते फोनवर.

गेल्या वर्षी माझ्या पतींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज शाबूत आहे. हे डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि मला रोज दिसते. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटात मी माझी शिवणाची टोपी घालून दिली आहे. सुई टोचू नये म्हणून घालतात ती, धातूची. ती ते खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवतात. एकदा वाजवले म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मशीन चालू असले तरी मला ऐकू येते.

या आजाराबद्दल ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हते. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी त्यांना विचारले, “कळवू का तुमच्या लोकांना?” त्यांनी दोनदा वाजवले. मी म्हटले, “अहो, चौकशी तरी करतील.” पुन्हा दोनदा. कारण मी समजले. आजारी माणसाशी कोणी भांडत नाही. सगळे ‘हो हो, तुझंच बरोबर’ म्हणतात आणि निघून जातात. त्यांना ते नको होते. ग्रुप गेला असता तर त्यांच्या वाट्याला बघायला फक्त छत उरले असते.

तेव्हापासून त्यांच्या नावाने मी लिहीत आले. मी संदेश मोठ्याने वाचून दाखवते, उत्तराची वाक्ये एकेक करून बोलते, ते हो-नाही करतात, मग मी पाठवते. तीस वर्षांच्या संसारात नवरा पुढे काय बोलणार हे बायकोला त्याच्या आधी कळते, त्यामुळे काम अवघड गेले नाही. अडचण एवढीच की त्यांची मते मला पटत नाहीत. लग्न झाल्यापासून पटलेली नाहीत. तरीही जे वाजवले तेच लिहिले. एकदा मी आपल्या मनाने ‘बहुतेक’ हा शब्द घातला होता, तो त्यांनी काढायला लावला. कोणी फोन केला तर मी ‘घसा बसलाय, लिहून बोल’ असे लिहीत असे. इतके महिने घसा कोणाचा बसत नाही, पण भांडणाच्या नादात कोणाच्या ध्यानात आले नाही.

सध्या ग्रुपवर वाद आहे तो सरकारी दवाखाने खासगी संस्थांना चालवायला देण्याच्या धोरणाचा. माझे पती याच्या बाजूने आहेत. त्यांची आई सरकारी दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसून होती आणि डॉक्टर आलाच नाही, हे ते विसरत नाहीत. ठेका दिला की निदान जाब विचारायला माणूस सापडेल, असे त्यांचे म्हणणे. ते मी त्यांच्या वतीने अनेक वेळा लिहिले आहे, जोर लावून लिहिले आहे.

मागच्या बुधवारी मी त्यांना व्यायामासाठी आमच्या सरकारी दवाखान्यात नेले, तो आता संस्थेकडे चालवायला दिला आहे. इमारतीतले दोघे जण खुर्चीतून खाली उतरवतात, पुढे रिक्षा. व्यायामाच्या खोलीला कुलूप होते. ‘विभाग दुसऱ्या शाखेत हलवला आहे’ असा कागद चिकटवलेला. दुसरी शाखा शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी सरकारी खिडकीवर विचारले. तिथला मनुष्य म्हणाला, “संस्थेला विचारा.” संस्थेच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, “आम्हाला वरून आदेश आहेत, सरकारला विचारा.” माझे पती खुर्चीत बसून हे ऐकत होते. मी त्यांना म्हटले, “बघा तुमचं धोरण.” त्यांनी मान वळवली. आम्ही व्यायाम न करता परत आलो.

घरी आल्यावर त्यांना झोप लागली. मी फोन उघडला. मास्तरांनी लिहिले होते, “वकील, भाषण पुरे. नव्या पद्धतीत तुझ्या गावच्या दवाखान्यात काय सुधारलं, एक गोष्ट सांग. एकच.” पतींना उठवून विचारायला हवे होते. मी उठवले नाही. मी पुढील मजकूर लिहून पाठवला, तो फोनमधून पाहून जसाच्या तसा सांगत आहे.

“व्यायामाच्या खोलीत फरशी नवी आहे, पंखे नवे आहेत आणि कुलूपही नवे आहे.
आधी डॉक्टर नसायचा, आता खोलीच नाही.
जाब विचारायला गेलं तर दोन खिडक्या एकमेकींकडे बोट दाखवतात.
ज्याला चालता येत नाही त्याने कोणत्या खिडकीकडे चालत जायचं?”

साहेबांनी विचारले म्हणून सांगते, हे पाठवून मला बरे वाटले.

ग्रुपवर कोणी हसण्याची चित्रे टाकली, कोणी टाळ्यांची. मास्तरांनी लिहिले, “आज पंप उलटा फिरला.” पिस्टन यांनी लिहिले, “वकील, किती घेतलेस?” त्यानंतर, “आयुष्यभर तुझ्या शब्दावर लोकांशी भांडलो. तुझे मेसेज चार ठिकाणी पाठवले. आता लोक मला विचारतात.” सारखे फोन आले. मी उचलले नाहीत. गुरुवारी त्यांनी लिहिले, “पत्ता मिळाला आहे. शनिवारी येतो. समोर बोल.” मी उत्तर दिले नाही. तेव्हा खरे सांगून टाकले असते तर पुढचे काही घडले नसते. पण मग पतींचा ग्रुप संपला असता, आणि तो माझ्या हातून संपला असता.

गुरुवारी व शुक्रवारी पती नेहमीप्रमाणे फोनकडे नजर करत राहिले. खरे संदेश वाचून दाखवणे शक्य नव्हते. मी मनाने रचून वाचले. पिस्टन यांचे सोपे गेले. शुक्रवारी मास्तरांच्या तोंडी मी “आपले म्हणणे विचार करण्यासारखे आहे” असे वाक्य घातले. पतींनी लगेच दोनदा वाजवले. मास्तर जन्मात असे बोलणार नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. “बॅटरी संपली,” असे सांगून मी फोन मशीनच्या खणात ठेवला. फोन चार्जिंगला लावला नाही, हे त्यांनी पाहिले.

शनिवारी दुपारी मी गिऱ्हाइकाचे पडदे शिवत असताना दार जोरात वाजले. मी साखळी ठेवून दार उघडले. पिस्टन व सोबत दोन अनोळखी माणसे होती. पिस्टन यांना मी आमच्या लग्नात पाहिले होते, केस पिकले तरी ओळखू आले.

ते म्हणाले, “वहिनी, त्याला बाहेर बोलवा.”

मी म्हटले, “ते झोपलेत.”

“चोवीस तास ऑनलाइन असतो आणि आम्ही आलो की झोपतो होय?”

“भावोजी, आज जा. मी उद्या फोन करते.”

“तुमच्याशी भांडण नाही, वहिनी. तुम्ही मध्ये पडू नका.”

तेवढ्यात आतून आवाज आला. दोनदा. पुन्हा दोनदा. पिस्टन म्हणाले, “हा बघा जागा आहे. आत बसून ठोकतोय!” त्यांनी दाराला खांदा दिला. साखळीचा खिळा निघाला. माझा उजवा हात दाराच्या कडेवर होता, त्याचे पहिले बोट चेमटले. मी ओरडले ते बोटासाठी ओरडले असे त्यांना वाटले असावे.

ते तिघे आतल्या खोलीत गेले. माझे पती चादर छातीपर्यंत घेऊन पडले होते, डोळे उघडे होते. पिस्टन म्हणाले, “ऊठ! तोंडावर बोल ना आता!” पतींनी दोनदा वाजवले. पिस्टन यांनी चादर ओढली आणि उजवे मनगट धरून खेचले. पती खाटेवरून खाली आले.

चादरीखाली जे होते ते तिघांनी पाहिले. त्याचे वर्णन इथे लिहू नये.

सोबतचे दोघे लगेच जिना उतरून गेले. त्यांची नावे मला माहीत नाहीत. पिस्टन पतींना दंडाला धरून उचलू लागले. मी ओरडले, “त्या हाताला नको!” मग त्यांनी मी सांगितले तसे धरले आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना खाटेवर घेतले. मी आधी चादर घातली. पिस्टन भिंतीला टेकून खालीच बसले. त्यांनी पाणी मागितले. मी दिले नाही.

काही वेळाने ते म्हणाले, “वहिनी, मग वर्षभर मी कोणाशी बोलत होतो?”

मी म्हटले, “त्यांच्याशीच. शब्द न् शब्द त्यांचा.”

“आणि बुधवारचं?”

माझे पती माझ्याकडे पाहत होते. फोन दुसऱ्याच्या हातात पडला होता असे म्हणता आले असते. मी म्हटले, “ते माझं.”

पतींनी काही वाजवले नाही. पडताना बोटातली टोपी खाटेखाली गेली होती. पिस्टन यांनी गुडघ्यांवर बसून ती शोधून काढली आणि माझ्या हातात दिली. ती मी लगेच पतींच्या बोटात घातली नाही. का घातली नाही, असे साहेबांनी विचारले. याचे उत्तर मी देऊ इच्छित नाही.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाई आवाज ऐकून वर आल्या. त्यांनी ठाण्याला फोन केला, पतींना तपासले व माझे बोट बांधले. पतींना खांद्याला मुका मार आहे, हाड शाबूत आहे. शिपाई येईपर्यंत पिस्टन तिथेच बसून होते, पळाले नाहीत, हेही लिहावे.

सर्व हकीकत पिस्टन यांनीच संध्याकाळी ग्रुपवर लिहिली. त्यानंतर फोन सारखा वाजत राहिला. मी टोपी पतींच्या बोटात घातली आणि वाचायला घेतले. हात जोडलेली चित्रे, फुलांची चित्रे, ‘काळजी घे’, ‘तुझ्यासारखा माणूस नाही’. शेवटी मास्तरांचा संदेश होता, “वकील, वाद राहू दे. तू म्हणशील ते बरोबर.” तो ऐकून पतींनी दोनदा वाजवले. मग थांबेनातच. दोनदा, दोनदा, मी हात धरेपर्यंत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. आजारपणात मी ते पहिल्यांदा पाहिले.

मी फोन वर सरकवत बुधवारपर्यंत नेला आणि माझ्या चार ओळी त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवल्या. त्यांनी दोनदा वाजवले.

मी विचारले, “काय नाही? खोलीला कुलूप होतं ना?” एकदा. होते. “मग धोरण चुकलं की नाही?” दोनदा. “डोळ्यांनी बघूनही?” एकदा, जोरात. मी म्हटले, “अहो, दगडाला पाझर फुटेल, तुम्हाला नाही फुटायचा!” त्यांनी तोंडाची डावी बाजू हलवली. ते हसणे आहे, मला ओळखता येते. आमचे भांडण पुढे इतका वेळ चालले की ताटे वाढलेली तशीच राहिली. आजारी माणसाशी कोणी भांडत नाही असे मी वर सांगितले, त्यात माझा अपवाद लिहावा.

पिस्टन यांच्याविरुद्ध तक्रार द्यायची का, हे मी आज निघण्यापूर्वी पतींना विचारले. त्यांनी दोनदा वाजवले. बोट माझे आहे, दार माझे आहे, त्याबद्दल माझी तक्रार आहे, कायद्याप्रमाणे जे असेल ते करावे. ‘किती घेतलेस’ हा जो आरोप झाला त्याबाबत सांगते की, माझ्या पतींनी कोणाकडून काही घेतलेले नाही आणि त्यांचे मत तसूभरही बदललेले नाही. बदललेले मत दिसले ते मुळात त्यांचे नव्हतेच. ते माझे होते, आणि तेही बदललेले नाही. आम्ही दोघे यापुढेही त्याच खोलीत राहणार आहोत.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. घरी वाचून दाखवण्याचे काम माझे असते, ऐकण्याची सवय नाही, म्हणून मध्ये दोनदा थांबवून परत वाचून घेतला. एक दुरुस्ती सांगितली. वरच्या ओळीत ‘पतीच्या वतीने’ असे लिहिले होते, ते शब्द खोडायला लावले आहेत. बाकी मी बोलले तसे आहे. उजव्या हाताचे बोट बांधलेले असल्याने सही डाव्या हाताने केली आहे. वाकडी आहे, पण माझी आहे.