उंबऱ्याबाहेर बसलेली नर्सबाई

माझं माहेर जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. वडलांना वाचनाचा नाद होता पण नजर लवकर गेली, मग घरात वाचून दाखवायला कुणी हवं म्हणून त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं. याहून मोठं कारण काही नव्हतं, ते स्वतःच तसं सांगायचे. लग्न होऊन अमडापूरला आले. कमल तीन वर्षांची असताना तिचे वडील मुदतीच्या तापात गेले, एकवीस दिवस ताप उतरला नाही आणि बाविसाव्या दिवशी माणूसच राहिला नाही. तेव्हापासून मी थोरल्या जाऊबाईंच्या घरात. बोलणं जरा पुस्तकी वाटेल माझं, बालवाडीत पोरांपुढे बोलून बोलून तसं झालं, पण घरच्यांचं सांगते ते त्यांच्याच बोलीत सांगते, नाहीतर ते मला आठवतच नाहीत.

महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे महिला मंडळानं गावात बालवाडी काढली आणि मला तिथं नेमलं. त्याआधी मी सगळ्यांसारखी निंदायला, कापूस वेचायला जायचे. बालवाडी आठला भरायची, अकराला सुटायची, पुढची दुपार मोकळी. त्याच वर्षी बाजारात एका डॉक्टरांनी दवाखाना टाकला, माणूस भला होता, पण बाया त्यांना दुखणं सांगेनात. नवरा पुढे उभा राहून सांगायचा, हिचं पोट दुखते, आणि ती मागे पदर तोंडात धरून उभी. डॉक्टरांना लिहितावाचता येणारी, गावातलीच, पोक्त बाई हवी होती, दुपारी दोन ते पाच.

लोक मला विचारतात, सेवेची आवड होती काय. काय सांगू तुम्हाला, नव्हती. उन्हात निंदण्यापेक्षा सावलीतलं काम, सकाळची बालवाडी सुटत नव्हती, कमलला पुढे शिकवता आलं असतं. एवढाच विचार केला मी. माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, म्हणाले, रगतापुवाचं काम आपल्या घरच्या बाईनं कराव काय. तर जाऊबाईच पुढे झाल्या. म्हणाल्या, करू द्या तिले, सुई टोचाले शिकते म्हणे, पह्यली तुमालेच टोचते. भासरे हसले नाहीत, पण उठून गेले, म्हणजे परवानगी झाली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही जाऊबाईंना वाईट म्हणाल. त्या वाईट नव्हत्या.

बालवाडीच्या दोन उन्हाळी सुट्ट्या मी जिल्ह्याच्या दवाखान्यात बाळंतपणाचं शिकले. कात्री, ब्लेड, दोरा उकळायचा, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवायचा, नाळेला दुसरं काही लागू द्यायचं नाही, ना माती, ना राख, ना हळद. मग गावात बोलावणी येऊ लागली. मी कुंकू लावत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक. पहिलटकरणीवर विधवेची सावली पडू नये हेही साऱ्या गावाला ठाऊक. पण पांढरं पातळ नेसून हातात पेटी घेऊन गेले की कुणी अडवत नव्हतं, नर्सबाई आली म्हणून वाट देत होते. मलाही तेवढा वेळ विसरायला व्हायचं.

कमलचं लग्न खामगावला झालं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणून सातव्यात तिला घेऊन आले. दिवस भरत आले तशा एका दुपारी जाऊबाई माझ्याजवळ बसल्या, मी तूर निवडत होते, त्याही निवडू लागल्या. म्हणाल्या, रागावू नको, पण पोरीचं पह्यलं आहे, तू आत नको येऊ. गावाचं येगळं, हे आपलं घर आहे. मी अन् सुईण पाहून घेतो.

आणि मी म्हणाले, हाव, बरं.

मला घरच्यांनी अडवलं असं मी किती वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. मलाच भीती होती. परक्यांच्या लेकींना माझं काय लागायचं, पण ही माझी होती, माझं कपाळ हिला लागू नये असं मलाच वाटत होतं. उकळलेलं सगळं मी एका पुडीत बांधलं, जाऊबाईंच्या हातात दिलं, नाळ यानंच कापा म्हणून दोनदा बजावलं, आणि बाहेर बसले.

सकाळी कळा सुरू झाल्या, दुपारी सुटली. ती आतून ओरडत होती, माय, ये ना वं आत. मी दाराशी तोंड नेऊन सांगत होते, घाबरू नको, मी हाओ इथं, आत्ता जोर करू नको, आता कर. गावातल्या तीसेक बायांजवळ मी बसले असेन, आणि स्वतःच्या लेकीला दाराआडून सांगत होते. मुलगा झाला. रडणं मी दाराबाहेरूनच ऐकलं. भासऱ्यांनी आळीत साखर वाटली.

पाचवीला सटवाईची पूजा मांडतात, तिथंही मी नव्हते, बाळंतिणीच्या खोलीत पायच टाकला नव्हता. आठव्या दिवशी सकाळी जाऊबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या, पोरगं दूध ओढत नाही, तोंडच उघडत नाही, पाह्यतं का. तेव्हा कुणाला विधवा आठवली नाही. मी आत गेले, हनुवटीला बोट लावलं, आणि मला कळलं, धनुर्वात. बाळाचं अंग धनुष्यासारखं ताठत होतं, हात लागला तरी ताठत होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, चिखलीची मोटार धरून तिथल्या दवाखान्यात नेलं, मांडीवर घेऊन मीच बसले होते. दुसऱ्या दिवशी तो गेला. बारसं व्हायचं होतं. त्याला नाव नव्हतं.

परत आल्यावर मी जाऊबाईंना पुडी मागितली. त्यांनी देवळीतून आणून दिली. फडक्यावर हळदकुंकू वाहिलेलं, गाठ तशीच. आमच्याकडे ज्या घरच्या विळ्यानं नाळ कापतात त्याचीच पाचवीला पूजा होते, दुसरं लोखंड सुईणीला चालेना, मग नाळ विळ्यानंच कापली, वर गोवरीची राख दाबली. आणि माझी पुडी वाया जाऊ नये म्हणून जाऊबाईंनी ती पूजेत मांडली. मले वाटलं तुह्या हातचं आहे, सटवाईपुढं ठेवाव, असं म्हणाल्या आणि मोठ्यानं रडल्या.  

कमल सव्वा महिना राहिली. जायच्या दिवशी, तिचा नवरा बैल जुंपत होता, तेव्हा म्हणाली, माय, तुले माहीत होतं ना, इळ्यानं काय होते ते? मी हाव म्हटलं. म्हणाली, तू बालवाडीची बाईच राह्यली असती तर बरं झालं असतं. मंग मले तुहा राग आला नसता.

एवढंच. पुन्हा कधी तिनं विषय काढला नाही. पुढची दोन्ही बाळंतपणं खामगावला केली, मला पोस्टकार्डानं कळलं. दिवाळीला पोरं घेऊन येते, चांगलं बोलते, माझ्या पायाला तेल चोळते. रात्री मुक्काम मात्र करत नाही.

बालवाडी मी त्याच साली सोडली. दवाखाना सोडावा असंही वाटलं होतं, पण मग शिकलेलं कुठं टाकायचं? आता दुपारचं काम दिवसभराचं झालं. बोलावणं आलं की उंबऱ्यावर उभी राहून मी आधीच सांगते, मी विधवा हाओ, आणि मी आत येऊन राह्यली. एखादी सासू कुरकुरते. मी हात धुवायला पाणी मागते. पोरं जगतात. एकेका पोराला आंघोळ घालताना कमलचा तो आवाज ऐकू येतो, तो काही जात नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

तुमचंही कपाळ माझ्यासारखंच मोकळं, आणि तुमच्या लेकीचे दिवस भरत आलेत म्हणालात. सुखरूप सुटो, हातीपायी धड सुटो. कुणी काही म्हणो, त्या दिवशी तुम्ही बाहेर बसू नका.