न तपासलेलं परमश्रेय

मिस्त्री : ...आणि सांगितलं होतं ना सर, मी खाली वाकलेला असताना फ्लश ओढू नका म्हणून! सगळं माझ्या बुटात आलं.

प्राध्यापक : सवयीनं हात गेला हो. पण तुम्ही इतक्या आत हात कशाला घालताय? तार फिरवा आणि पुढे ढकलून द्या. गेलं की गेलं.

मिस्त्री : कुठे जाणार? खालच्या क्वार्टरच्या पाइपात. मग उद्या त्यांचा संडास तुंबणार. वीस वर्षं या कॉलेजचे नळ आणि संडास बघतोय मी. अडकलेलं बाहेर काढायचं, पुढे सरकवायचं नाही.

आक्का : शी, शी, शी! मिस्त्री, काढा काय ते एकदाचं. दोन दिवस झाले मला इथे येऊन. धाकट्या भावाकडे चार दिवस विश्रांतीला आले, तर नाकाला पदर लावून बसायची पाळी.

मिस्त्री : आलं, आलं. बाई, जरा मागे सरका. कापड वाटलं होतं, पण हे कागद आहेत. गुंडाळी करून कोंबलेत.

प्राध्यापक : माझ्या पुस्तकाचा कच्चा मसुदा असेल. टाका त्या बादलीत. मी लावतो विल्हेवाट.

आक्का : तुझा मसुदा? तू तर सगळं कॉम्प्युटरवर लिहितोस. आणि मसुदा संडासात कशाला टाकशील? बघू.

प्राध्यापक : आक्का, हात नको लावूस. घाण आहे.

आक्का : चिमटा आहे माझ्याकडे. सदतीस वर्षं शाळेत काढली आहेत रे, पोरांनी काय काय केलेल्या वह्या तपासल्यात मी. हं. कॉलेजचा शिक्का. परीक्षा क्रमांक. ‘नीतिशास्त्र. प्रश्न : परमश्रेय म्हणजे काय? प्राचीन आणि आधुनिक मतांच्या आधारे सविस्तर निबंध लिहा. गुण पन्नास.’ अरे, या तर उत्तरपत्रिका आहेत.

मिस्त्री : अजून येताहेत. तीन... चार... हा जाड आहे, पुरवणी जोडलीय.

आक्का : आणि यावर लाल खूण कुठेय? एकही रेघ नाही. गुणांची चौकट कोरी. हाही कोरा. हाही! तू हे पेपर वाचलेच नाहीस?

प्राध्यापक : मिस्त्री, तुम्ही जरा बाहेर थांबता का?

मिस्त्री : थांबलो असतो सर, पण हात कोपरापर्यंत आत आहे.

आक्का : त्यांना कशाला बाहेर काढतोस? उत्तर दे मला.

प्राध्यापक : ऐक. निकालाची तारीख डोक्यावर होती आणि त्याच आठवड्यात पुस्तक छापायला द्यायचं होतं. एकशे वीस पेपर. पहिले साठेक नीट वाचले. पुढचे चाळले. शेवटचे... वेळच नव्हता. अंदाजानं गुण भरले यादीत.

आक्का : अंदाजानं! न वाचता कसला अंदाज?

प्राध्यापक : सगळे पास दाखवले की वरून चौकशी येते. काहीजण नापास असावेच लागतात. शेवटचे अकरा उरले होते, म्हणून ते...

मिस्त्री : अकरा.

प्राध्यापक : मग त्या अकरा जणांनी मिळून अर्ज केला. प्राचार्यांनी सोमवारी गठ्ठा मागितलाय. असा कोरा गठ्ठा कसा नेऊन देणार? जाळले तर शेजारी धूर बघतात. कचऱ्यात टाकले तर कोणीतरी उचकतं.

आक्का : म्हणून संडासात. अरे, मला ओकारी येतेय, आणि ती या वासानं नाही. कसलं रे तुझं पुस्तक होतं ते, ज्याच्यापायी हे केलंस?

प्राध्यापक : तुला माहीत आहे.

आक्का : त्यांना माहीत नाही. सांग त्यांना नाव.

प्राध्यापक : ‘परमश्रेयाचा शोध.’

मिस्त्री : परमश्रेय म्हणजे काय हो सर? आमच्या घरी महिनाभर हा शब्द ऐकत होतो. पोरगी पाठ करत फिरायची.

प्राध्यापक : म्हणजे... माणसानं शेवटी कशासाठी जगावं ते. सगळ्यात वरचं चांगलं.

मिस्त्री : बरं.

प्राध्यापक : हे बघा, मी काही राक्षस नाही. साधा हिशोब केला मी. पुस्तक हजारो मुलं वाचतील, वर्षानुवर्षं. त्यासमोर अकरा जणांची एक परीक्षा. सहा महिन्यांनी पुन्हा देतीलच. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं, हा आधुनिक नीतिशास्त्राचा...

आक्का : गप्प बस! त्या पोरांना संडासात घालून वर त्यांनाच शिकवू नकोस.

मिस्त्री : सर, हा पेपर माझ्या पोरीचा आहे.

प्राध्यापक : काय? नाही, यावर नाव नसतं. फक्त क्रमांक.

मिस्त्री : नाव कशाला लागतं? माझं अक्षर कुत्र्यामांजराचे पाय, म्हणून माझी तक्रार वही तीच लिहिते, आठवीपासून. कुठल्या क्वार्टरला काय तुंबलं, कशानं तुंबलं. हा ‘क’ बघा, पोट फुगलेला. हा तिचाच. बॉलपेन होता म्हणून राहिलाय.

आक्का : देवा!

मिस्त्री : बाकी सगळ्या विषयांत पहिला वर्ग होता तिला. यात पन्नासपैकी चौदा. शिक्षिकेच्या कोर्सला जाणार होती, त्याचा फॉर्म बुधवारी बंद होतोय. दीड महिना झाला, घरात बोलत नाही. मीही तिला म्हणालो, अभ्यासात लक्ष नसेल तुझं. मी म्हणालो. माझ्या तोंडानं.

प्राध्यापक : मिस्त्री, ऐका. बसा जरा. मला माहीत असतं तर... आपलं माणूस आहात तुम्ही. मी उद्याच पत्र देतो, बेरीज चुकली म्हणून. पंचेचाळीस देतो तिला. सगळ्यांत जास्त! तुम्ही फक्त ही बादली इथेच राहू द्या, आणि वहीत लिहा, कापड अडकलं होतं.

मिस्त्री : सर, वीस वर्षं याच घाणीत हात घालतोय. लोक विचारतात, किळस नाही येत का? नाही येत. ही माणसाच्या पोटातली घाण, तिचा कसला राग? पण तुम्ही आत्ता जे बोललात ना, त्यानं मला शिसारी आली.

प्राध्यापक : मी मदतच करतोय तुम्हाला.

मिस्त्री : मदत नको. पेपर वाचा. तिनं तीन तास बसून लिहिलंय. कोणीतरी वाचावं म्हणूनच लिहिलं असेल ना?

प्राध्यापक : वाचतो, आत जाऊन वाचतो. वाळवून.

मिस्त्री : इथे. मोठ्यानं. मलाही ऐकायचंय, पोरगी महिनाभर काय घोकत होती.

आक्का : घे. माझा चिमटा घे, आणि हा स्टूल. वाच.

प्राध्यापक : ‘बाकी सगळं आपण कशासाठी तरी करतो. औषध बरं वाटावं म्हणून, बरं वाटणं काम करता यावं म्हणून. पण जे दुसऱ्या कशासाठीच हवं नसतं, ते परमश्रेय, असं प्राचीन विचारवंत म्हणत. ते त्याला चांगलं जगणं म्हणत. त्यांच्या मते ते एका दिवसात येत नाही, रोज करून अंगी बाणतं.’ ...बरोबर आहे. चांगलं मांडलंय.

मिस्त्री : पुढे.

प्राध्यापक : ‘आधुनिक काळात काहींनी विचारलं, पण किती लोकांचं भलं झालं? आणखी काहींनी विचारलं, कर्तव्य म्हणून केलं की फायदा बघून? मला हे माझ्या घरातल्या उदाहरणावरून समजून घ्यायचं आहे. माझे वडील नळांचं आणि संडासाचं काम करतात.’ ...मिस्त्री, खरंच वाचू?

मिस्त्री : वाचा की.

प्राध्यापक : ‘त्यांच्यामुळे बेचाळीस घरांत घाण साचत नाही, म्हणजे पुष्कळांचं भलं होतं. कोणी बघत नसलं तरी ते काम अर्धं टाकत नाहीत, म्हणजे कर्तव्यही झालं. रोज करतात, म्हणजे अंगीही बाणलं. तिन्ही मतांनी ते चांगले आहेत. पण ते जेवायला बसले की मी... मी ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाते. अभ्यास आहे, असं सांगते. ते दोनदा अंघोळ करतात, तरी मला त्यांचा वास येतो. कदाचित तो नसेलही. आता मला तो न येताही येतो.’

आक्का : पुरे. ठेव ते.

मिस्त्री : नाही बाई. वाचू द्या.

प्राध्यापक : ‘सगळ्यात चांगलं काय, हे मला या विषयात चांगलं कळलं आहे. तरी माझे पाय दुसऱ्या खोलीकडे जातात. म्हणून मला वाटतं, परमश्रेय कळणं आणि त्याच्या शेजारी बसून जेवणं, यात फार अंतर आहे. त्या अंतराबद्दल पुस्तकात काही सापडलं नाही. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते आहे.’ ...संपलं.

(मिस्त्री हातमोजे काढतात.)

आक्का : मिस्त्री, पोर खोटं नाही बोलली हो. फार कमी पोरं असं लिहितात.

मिस्त्री : अभ्यास आहे म्हणते, म्हणून मी टीव्हीचा आवाज बारीक करायचो. बरं, ते जाऊ दे. किती गुण, सर?

प्राध्यापक : मी... पन्नास द्यायला हवेत. माझ्या अख्ख्या पुस्तकात असा परिच्छेद नाही.

मिस्त्री : पन्नास नको. मन राखायला नको. काय चुकलंय ते सांगा आणि हक्काचे द्या.

प्राध्यापक : प्राचीन मतांत एकच बाजू आलीय. सुखवाद राहिला. आधुनिक भाग त्रोटक आहे. एकेचाळीस.

मिस्त्री : मग तसं लिहा त्यावर. लाल पेनानं. आणि आता वही. घ्या, मी सांगतो, तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे. ‘तुंबण्याचं कारण : न तपासलेल्या उत्तरपत्रिका. नग अकरा.’ शेवटी क्वार्टरवाल्याची सही लागते, म्हणजे तुमची.

प्राध्यापक : मिस्त्री, ही वही दर शनिवारी प्राचार्यांकडे जाते.

मिस्त्री : माहीत आहे.

प्राध्यापक : नोकरी जाईल माझी. पुस्तकाचं प्रकाशन आहे पुढच्या महिन्यात. आक्का, तू तरी सांग ना यांना.

आक्का : मी काय सांगू? लहानपणी तुझं ढुंगण मी धुतलंय, तेव्हा नव्हती आली इतकी किळस. कर सही.

प्राध्यापक : ...केली. झालं समाधान?

मिस्त्री : समाधान कसलं? अजून दहा पेपर आहेत बादलीत. तेही कोणाची तरी पोरं आहेत. सोमवारच्या आत वाचून काढा. नळ चालू करून जातो, हात धुवायला लागतील.

आक्का : वाचेल तो. मी बसते समोर. आणि बाकी दहांनाही बुधवारच्या आत निकाल मिळेल, ते माझ्याकडे लागलं. तुम्ही घरी जा, पोरीला सांगा आधी. वाट बघत असेल.

मिस्त्री : सांगतो ना. एकेचाळीस मिळाले म्हणून सांगतो. पेपर मी ऐकला, ते नाही सांगणार.