सोनाराच्या शेगडीतला कोळसा

सांगा बघू, तुम्ही भरवसा कुणावर ठेवाल, दुकानदारावर की यंत्रावर?

सुभाष रोडवरच्या माझ्या दुकानातून एक संशोधक बाई करवंटीचा कोळसा न्यायच्या. त्याची अतिबारीक पूड मँगनीजच्या पुडीत मिसळून त्या वीज साठवायची पट्टी बनवत. सुपरकपॅसिटर म्हणत त्याला. क्षणात चार्ज होणार आणि हजारदा वापरला तरी थकणार नाही. एकदा पट्टी झकास जमली. पुढच्या चारही बिघडल्या.

"अण्णा, कोळसा बदललात."

"तेच पोतं आहे की ओ, अक्का."

"मग माझं मोजायचं यंत्र खोटं बोलतंय? महिन्याभरात पट्टी जमली नाही, तर तीन वर्षांचं काम पाण्यात."

पहिल्या वेळी पोतं संपलं होतं, म्हणून शेजारच्या सोनाराच्या शेगडीत तापून विझलेला करवंटीचाच कोळसा मी नव्याच्या भावाने दिला होता. शेवटी सांगून टाकलं. वाटलं, आता भर बाजारात अब्रू जाणार.

बाई तिथल्या स्टुलावरच बसल्या. "म्हणजे दोनदा तापलेला?"

"होय. चूक झाली."

"चूक कसली अण्णा, कृती सांगितलीत."

पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आल्या. नवा कोळसा पुन्हा तापवला आणि पट्टी जमली. प्रयोगाची वही उघडून दाखवली. लिहिलं होतं, "कोळसा दोनदा तापवणे. कारण सापडले: दुकानदाराची लबाडी."

तुम्हीही आता दुकान घालताय, म्हणून सांगतो. कुठल्या पोत्यातलं काय दिलं, ते हिशोबात खरं लिहा. लबाडी केलीत, तर तीसुद्धा.