कोण आधी विचारतं

कोणीतरी माझ्या खात्यात डोकावतंय, आणि ते कोणीतरी माझंच मीठ खाणारं आहे — तू नाही रे, तू कालच विमानातून उतरलास, बस. तो तिकडच्या, आपल्या देशातल्या बँकेचा फॉर्म आधी खाली ठेव. मोबाइल नंबरच्या चौकटीत काय लिहिलंस? बहिणीकडे ठेवलेला नंबर? खोड. आत्ता खोड. अरे, मी हेच केलं. तिकडचं सिमकार्ड इकडे चालवायला महाग, म्हणून ताईच्या हातात ठेवून आलो — मोठा शहाणपणा केला. आता माझ्या खात्यातून मित्राला पाचशे रुपये पाठवायचे तरी ओटीपी जातो ताईकडे. स्वतःच्याच पैशासाठी फोन करून म्हणायचं, ताई, आकडा सांग. ती विचारणार, कशाला रे?

पण नुसतं बघायला ओटीपी लागत नाही, पासवर्ड पुरतो. आणि उघडलं की वर बारीक अक्षरात येतं — शेवटचा प्रवेश, मंगळवार, दुपारी दोन दहा. मंगळवारी दोन दहाला मी क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून चाळीस मीटर वर, दोन्ही हात दांड्यांवर. मग कोण? पासवर्ड दोघांनाच ठाऊक, मी आणि ताई. हसू नकोस, हसायला मामा आहेत — ते वरच्या पलंगावर पडलेत ना, आमचे फिटर मामा, वीस वर्षं झाली इथे, सगळा पगार बायकोच्या नावावर. म्हटलं, हिशेब बघता का कधी? तर म्हणतात, तिने माझा बघितलाय का? असली उत्तरं.

मग मी सापळा लावला. दोन महिने घरी एक पै पाठवली नाही. पगार इकडच्याच खात्यात, आणि घरी शब्द नाही. घराचं कर्ज माझ्या नावावर, आई आणि ताई राहतात त्या घराचं. दर पाच तारखेला तेरा हजार चारशे तिकडच्या खात्यातून आपोआप जातात. म्हटलं, होऊ दे खातं रिकामं — पैसे का आले नाहीत हे जो आधी विचारेल, तो चोर. सरळ गणित. विचारलं का कोणी? नाही. ताई रोज फोन करते — जेवलास का, झोप लागते का, कामावर सगळं ठीक आहे ना. कामाचं तर हल्ली फारच विचारते — पण पैशाबद्दल चकार शब्द नाही. किती पक्की आहे बघ.

खरी गंमत पुढे. खात्यात जेमतेम सहाशे रुपये, आणि तरी हप्ता गेला. उतारा काढला — तीन तारखेला रोख चार हजार भरलेत, चारला नऊ हजार, आमच्याच गल्लीतल्या शाखेत. याही महिन्यात तसेच, बरोबर हप्त्यापुरते. दुसऱ्याच्या खात्यात कोण भरतं रे पैसे? ज्याने आधी काढलेत तो. भोक बुजवायला. काढले कधी? ते अजून सापडलं नाही. तीन वर्षांचे उतारे तपासले, पै न् पै जुळते. तेच तर खटकतंय — इतकं जुळतं कुठे?

परवा मुद्दाम, न सांगता व्हिडिओ कॉल केला. तिच्या मागे कायम शिलाई मशीन असते, ब्लाउजांचा ढीग असतो — जागा रिकामी. म्हणे दुरुस्तीला दिलीय. नवी घेणार असेल, मोटरवाली, माझ्या पैशाने. आणि वर मलाच म्हणते — काही लपवू नकोस रे, असेल ते बघून घेऊ. मी लपवतोय? तूच सांग, यात लपवतंय कोण? — फॉर्मकडे काय बघतोस, नंबर खोड म्हटलं ना.

वरच्या पलंगावर फिटर मामांनी कूस बदलली.

“तुझी नोकरी गेली असं वाटतंय तिला,” ते म्हणाले.